किल्ल्यात तिघंच मावतात

ज्यांना हे खोटं वाटेल, त्यांनी सीताबर्डीत जाऊन ताराबाईंच्या तोंडावर तसं म्हणून दाखवावं. राग आजही त्यांच्या नाकावर असतो. आणि या बाबतीत तो असायलाच हवा.

साल अठ्ठ्याऐंशी. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. भर दुपार होती.

एका कापडदुकानाच्या माडीवर चंद्रभानचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन एकच, त्याला जोडलेले तीन पडदे. चौथ्या पडद्याची तार गल्लीवरून समोरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेलेली. ते दुकान ताराच्या मोठ्या भावाचं, रुपरावचं.

क्लास सुटला की चंद्रभान स्वतः लिहिलेला खेळ लावायचा. सगळे आपापल्या पडद्यावरून एकाच किल्ल्यात शिरायचे. पण मशीनची मेमरी एवढीशी. तिघं आत गेले की भरली. चौथ्याला मशीन सरळ सांगायचं, 'जागा नाही.'

तिघं ठरलेले. चंद्रभान, गोपाळराव आणि समोरून रुपराव.

तारा मागे उभी.

गोपाळरावशी तिचं साक्षगंध झालेलं, लग्न ठरलेलं. तो बिचारा उठून तिला बसवू बघायचा. मग रुपराव खिडकीतून ओरडायचा, "पोरीचं काम नाही थे!"

"दादा, एक दिवस तरी तुही जागा दे ना मले."

"मी मेल्यावर बस!"

...आणि तो मेला. पारशिवनीच्या रस्त्यावर त्याची स्कूटर ट्रकखाली गेली.

तेरवी व्हायची होती. तारा चपला घालू लागली तशी आई, रंभाबाई, दारात आडवी आली.

"तेरवी होऊ दे वं. तवरक त्याची जागा त्याचीच असते."

"जितेपणी त्याची, मेल्यावरबी त्याचीच? मंग माही कवा?"

रडून रडून डोळे सुजलेले, तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती निघालीच.

माडीवर चंद्रभानने मशीन सुरू केलं. तो आत गेला. गोपाळराव आत गेला. ताराने आपलं नाव टाईप केलं.

'जागा नाही.'

"चंद्रभानभाऊ, आत कोण हाय?"

चंद्रभानने नुसतं बोट दाखवलं. पडद्यावर तीन नावं होती. तिसरं नाव... रुपराव.

तारा खिडकीशी गेली. समोरच्या दुकानाला कुलूप. किल्ली तिच्याच कमरेला.

"मशीन बंद करा!"

बंद केलं की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. केलं. पुन्हा सुरू केलं. दोघं अजून आत शिरलेही नव्हते...

पडद्यावर एक नाव होतं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते असल्यांसाठीच.

"तार तोडा," तारा म्हणाली.

"मी नाही तोडत बा," चंद्रभान मागे सरकला.

गोपाळरावने पक्कड घेतली आणि खिडकीतून हात काढून तार तोडली. तुटलेलं टोक गल्लीवर लोंबू लागलं.

नाव तसंच.

फक्त आता किल्ल्याच्या दारातून ते हळूहळू आत सरकत होतं.

ताराला दादाचीच जागा हवी होती; तिने डोळे वटारले तसे दोघं गुपचूप आपापल्या पडद्यावर बसले. आत शिरले. ताराने पुन्हा टाईप केलं. 'जागा नाही.'

मग तिचा बांध फुटला. टेबलावर मुठी आपटत ती ओरडली, "जनमभर उभं ठेवलं मले! आता तरी जागा दे, दादा! दे म्हणतो ना!"

पंखा थांबला. वीज मात्र गेली नव्हती, पडदे चालूच होते.

खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं, रस्त्यावरच्या रिक्षा... कशाचाच आवाज येईना.

मग तिच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

'जागा आहे.'

तारा रडत रडत हसली. नाव टाईप केलं. आत गेली.

"गेला वाटते," चंद्रभान कसाबसा म्हणाला.

ताराने नावं वाचली.

चंद्रभान.

तारा.

रुपराव.

तिने मान वळवली. गोपाळराव शेजारी खुर्चीत बसलेला. बोटं अजून कळांवर. डोकं मात्र छातीवर पडलेलं...

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. रामटेकचा गड एका दमात चढणारा माणूस होता तो.

चंद्रभानने ते मशीन परत कधी लावलं नाही. रंभाबाईंनी मुलाबरोबर होणाऱ्या जावयाचंही दुःख केलं, पण लेकीला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्याचाही ताराला राग आहे.

तिने लग्न केलं नाही. भावाच्या फोटोला ती हार घालत नाही. कधी कधी दुपारी एकटी असली की त्याच्यासमोर उभी राहते. शेजारच्या यमुताईंनी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

"मी तुही जागा मांगतली होती, दादा. त्याइची काहून खाली केली?"