डाव्या हातानं फोडलेला नारळ

"आदर्श, लेन्समध्ये डोळा घालू नकोस! किती प्रखर दिवा असतो तो, कळतंय का?"

दिपिका एवढ्या जोरात ओरडली की सात वर्षांचा आदर्श स्टुलासकट मागे सरकला. त्याचा मोठा भाऊ रितेश पोट धरून हसायला लागला. दिपिका मात्र हसली नाही. ती रोह्याला नववीत होती, शाळेचा प्रोजेक्टर तिच्याच ताब्यात असायचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला, चिंचखारला, आल्यापासून ती स्वतःला अर्धी इंजिनियर समजत होती.

"चित्र वर रुंद आणि खाली अरुंद का दिसतंय गं?" रितेशनं विचारलं.

"तू पुढच्या पायाखाली विज्ञानाचं पुस्तक ठेवलंस म्हणून! प्रोजेक्टरचं नाक वर झालं की चित्र असं पसरतं. काढ ते पुस्तक."

"म्हणजे विज्ञानामुळेच घोटाळा झाला तर!"

पुस्तक निघालं, चित्र चौकोनी झालं. दिपिकानं लेन्सभोवतालची कडी हळूहळू फिरवून फोकस जुळवला. खोलीच्या खिडक्यांना त्यांनी गोणपाटं लावली होती, त्यामुळे भर दुपारीही भिंतीवरचं चित्र छान उठून दिसत होतं. हा सगळा थाट निलेशचा. निलेश म्हणजे दिपिकाचा मामा आणि रितेश-आदर्शचा काका. क्रिकेटच्या मॅचेस बघायला म्हणून त्यानं प्रोजेक्टर आणि दोन भलेमोठे स्पीकर आणले होते, आणि गावभर 'माझं होम थिएटर' म्हणून मिरवत होता.

चौथी होती भूमिका. ती दाराशी बसली होती. दोन आठवड्यांपूर्वी हीच भूमिका सगळ्यांत पुढे असायची. आता तिला कशातच रस नव्हता, आणि त्याला कारण होतं.

चिंचखारची भातशेती खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात पाणी सोडायला एक उघाडी. उघाडीला लाकडाच्या दोन जाड झडपा. ओहोटीला शेतातलं पाणी त्या ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचंच पाणी त्यांना दाबून बंद करतं, आणि बंद होताना 'धप्प' असा आवाज येतो. खाडीतून बघितलं तर डावीकडची झडप खालच्या आळीची, तिची राखण भूमिकाच्या आज्याकडे, जनूआजाकडे. उजवीकडची वरच्या आळीची, ती गुणाजीशेठकडे. एका आळीनं दुसरीच्या झडपेला हात लावायचा नाही, ही तिथली जुनी रीत.

जनूआजा तीस वर्षं ती राखण करत होता. उधाणाच्या दिवसांत दोन्ही झडपांचे दोन आवाज कानावर आल्याशिवाय तो जेवायला बसत नसे. "दोन धप्प, मग भात," असं तो भूमिकाला सांगायचा.

आणि कोजागिरीच्या रात्री, मोठ्या उधाणाला, खारं पाणी शेतात घुसलं. सकाळी लोकांनी बघितलं तर कापणीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं. सगळ्यांत जास्त नुकसान चंद्रावतीकाकूचं झालं. तोवर दोन्ही झडपा बंद झाल्या होत्या. कुठली अडकली होती, कुणाला सांगता येईना.

मग निलेशनं समाजमंदिरात दसऱ्याच्या पालखीचा व्हिडिओ लावला. दरवर्षी पालखी बांधावर जाते आणि उघाडीवर नारळ फुटतो. या वेळी निलेशनं ते होडीतून टिपलं होतं. मोबाईलच्या पडद्यावर जो नुसता ठिपका होता, तो मोठ्या पडद्यावर हातभर लांबीचा ओंडका निघाला. डाव्या झडपेखाली तिरका खुपसलेला! ओंडका अडकला की झडप मिटत नाही. दसऱ्याला समुद्राला भांग होता, पाणी कमी चढत होतं, म्हणून पाच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच रात्री जनूआजाची राखण काढून घेतली. झडपेतला कचरा ओढायची त्याची लांब आकडी गावपंच महिपतीबाबांच्या पडवीत नेऊन ठेवली. आजा एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून तो बांधावर गेला नव्हता आणि पोटभर जेवलाही नव्हता.

"कुठला पिक्चर लावायचा?" रितेश रिमोट दाबत म्हणाला. त्यानं भलतंच बटण दाबलं आणि पेन ड्राइव्हमधला पहिलाच व्हिडिओ सुरू झाला. पालखी!

"तो नको!" भूमिका उठून उभी राहिली. "बंद कर, रितेश!"

रितेश गडबडीनं बटणं दाबायला लागला. तेवढ्यात आदर्श भिंतीकडे बोट दाखवून किंचाळला, "बाबांनी हात बदलला!"

"काय?"

"महिपतीबाबांनी! त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं नारळ फोडला. आता उजव्या हातानं फोडला!"

"काहीतरीच काय! तोच व्हिडिओ आहे."

"मी त्या दिवशीपन बोललो होतो!" आदर्शचा चेहरा रडवेला झाला. "सगळे म्हणाले, गप बस."

हे खरं होतं. समाजमंदिरात तो दोनदा बोलला होता आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. मोठ्या माणसांना त्या दिवशी ओंडका दिसत होता, बाकी काही बघायची त्यांची तयारीच नव्हती.

दिपिकानं रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. "रितेश, समाजमंदिरात मामानं प्रोजेक्टर कुठे ठेवला होता?"

"पडद्यामागं. पुढं माणसं बसली होती, जागाच नव्हती. मांडवाचं पांढरं कापड लावलं आणि मागून उजेड टाकला."

"आणि मेन्यूत 'मागून' असं निवडलं होतं का?"

"काकाला मेन्यू कुठे माहीत? त्याला आवाज वाढवायचं बटण तेवढं ठाऊक!"

दिपिकानं वहीचं एक पान फाडलं, त्यावर ठळक 'भूमिका' लिहिलं आणि ते खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हासमोर धरलं. "मागून वाच."

अक्षरं उलटी दिसत होती. पहिलं अक्षर शेवटी, शेवटचं पहिल्यांदा.

"डावं ते उजवं झालं," भूमिका हळूच म्हणाली. मग ती भिंतीजवळ गेली. थांबलेल्या चित्रात उघाडीच्या दोन्ही झडपा दिसत होत्या. ओंडका उजवीकडे होता. "म्हणजे आज्याची झडप नव्हती ती. आज्याची नव्हती!"

"थांबा, थांबा," रितेश म्हणाला. "तो लेन्सवरचा डाग असला तर?"

प्रश्न चांगला होता. दिपिकानं मऊ फडक्यानं लेन्स पुसली, ठिपका तसाच राहिला. मग तिनं थांबवलेला व्हिडिओ थोडा पुढे सोडला. होडी हलली तशी चित्रातली झडप सरकली आणि ओंडकाही तिच्याबरोबर सरकला. "लेन्सवर डाग असता तर झडप त्याच्या खालून निघून गेली असती. हा व्हिडिओतलाच आहे."

चौघं धावत निलेशकडे गेली. तो कंदिलाची वायर जोडत होता. "मागून काय न् पुढून काय, चित्र तेच ना?" तो म्हणाला. "झालं गेलं ते उकरू नका. दिवाळी आली."

"कुणाची दिवाळी?" भूमिकानं विचारलं. निलेश पुन्हा वायरीत गुंतला.

मग मुलं महिपतीबाबांच्या पडवीत गेली. कोपऱ्यात जनूआजाची आकडी उभी होती. भूमिकानं तिच्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"बाबा, एकच विचारायचंय," दिपिका म्हणाली. "देवीचा नारळ तुम्ही कोणत्या हातानं फोडता?"

"हा काय प्रश्न झाला? उजव्या. देवाच्या कामाला डावा हात कोन लावतो गो?"

"मग पडद्यावर डाव्या हातानं कसा फोडलात?"

महिपतीबाबा रागावून काहीतरी बोलणार होते. पण ते थांबले, स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आदर्शला त्या रात्री पहिला धपाटा त्यांनीच घातला होता. मग ते म्हणाले, "उद्या अमावास्या, परत उधाण. पानी चढायच्या आत, सकाळी आठला समाजमंदिरात या. सगल्यांना बोलवतो. जनूलापन."

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिराच्या खिडक्यांवर काळं प्लास्टिक चढलं. रितेशनं कापड ताणून बांधलं, एकही सुरकुती राहू दिली नाही. दिपिकानं केबल जोडली, प्रोजेक्टरच्या पंख्याजवळची जागा मोकळी ठेवली आणि स्पीकर बंदच ठेवले. माणसं आली. जनूआजा सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून बसला. त्याच्याशेजारी कुणी बसलं नाही. भूमिका जाऊन बसली.

"आधी जसं त्या रात्री दाखवलं, तसंच," दिपिका म्हणाली. प्रोजेक्टर पडद्यामागे होता. व्हिडिओ लागला, नारळ फुटला. लोकांमध्ये कुजबुज झाली. या वेळी सगळे हाताकडे बघत होते आणि हात डावा होता. डाव्या झडपेखाली ओंडका दिसला.

"आता हाच व्हिडिओ, समोरून."

रितेश आणि निलेशनं स्टूल उचलून पुढे आणलं. दिपिकानं फोकस जुळवला. महिपतीबाबांचा उजवा हात वर गेला आणि नारळ फुटला. मग उघाडी दिसली, आणि ओंडका उजव्या झडपेखाली होता.

हळूहळू माना वळल्या, जनूआजाकडे नव्हे, गुणाजीशेठकडे.

"त्या भिंगावर घान असंल," गुणाजीशेठ म्हणाला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

दिपिकानं व्हिडिओ थोडा पुढे सोडला. होडी हलली तशी झडप सरकली, ओंडका तिच्याबरोबर सरकला.

गुणाजीशेठनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "व्हय," तो म्हणाला. "ओंडका माझाच. माझ्या तळ्यात जिताडा माशांची पिल्लं यावी म्हनून झडप उघडी ठेवली. कोजागिरीच्या आधी काढनार होतो. पावण्यांकडं नागोठण्याला गेलो नि विसरलो. नंतर तो वाहून गेला." त्यानं जनूआजाकडे बघितलं. "पन पडद्यावर जनूची झडप दिसली, तवा मला वाटलं, देवानंच मला वाचवलं. माझी झडप मला ठाऊक होती, तरी मी गप बसलो. विसरलो ही चूक. गप बसलो हे पाप."

चंद्रावतीकाकू उठली. त्या रात्री जनूआजाला सगळ्यांत कडू शब्द तिनंच सुनावले होते. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "जनूदादा, तू का नाय बोललास? मी येवढी बोलली तुला!"

जनूआजानं मान वर केली. "काय बोलनार? मलाच खात्री नव्हती," तो म्हणाला. "कोजागिरीच्या रात्री दोन धप्प आयकलेच नाय मी. गान्यांचा आवाज येवढा! दोनदा येऊन सांगितला, जरा कमी करा. पोरं हसली. पान्याखाली दिसत नाय, कानानंच कलतं. नाय आयकू आला, तर कदाचित माझीच असंल, असं वाटलं."

निलेशनं मान खाली घातली. ती गाणी त्याच्याच होम थिएटरवर वाजत होती. तो उठला आणि जनूआजाच्या पायाशी बसला.

"गुणाजी," महिपतीबाबा म्हणाले, "चंद्रावतीच्या खल्यावर तुझ्या शेतातला भात जाईल."

"आजच आणून टाकतो," गुणाजीशेठ म्हणाला.

मग महिपतीबाबांनी आदर्शला जवळ बोलावलं. "तू खरा बोललास आनि मी तुला मारला. आमी येवढी मानसं डोले उघडे ठेवून बसलो होतो, पन बघितलं तुमी पोरांनी." त्यांनी चौघांच्या डोक्यावरून हात फिरवला. दिपिकाला वाटलं होतं की असं कौतुक झालं तर आपण उड्या मारू. पण तिला नुसतं रडू आलं.

महिपतीबाबांनी पडवीतून बरोबर आणलेली आकडी उचलली आणि दोन्ही हातांनी जनूआजापुढे धरली. "जनू, दोन्ही झडपा तुझ्याकडं. आळीची रीत ऱ्हाऊ दे बाजूला."

आजानं आकडी घेतली. खिडकीवरचं प्लास्टिक बाजूला करून त्यानं उन्हाकडे बघितलं. "पानी फिरलं असंल," एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

सगळं गाव त्याच्यामागे बांधावर आलं. खाडी भरत होती. आजानं आकडीनं दोन्ही झडपांखालचा कचरा ओढून काढला, वाकून दोन्हीकडे बघितलं आणि उभा राहिला. एवढी माणसं, पण कुणी खोकलंही नाही. निलेशनं स्वतःचा मोबाईल बंद करून खिशात टाकला.

पाणी चढत गेलं. डावीकडून आवाज आला, धप्प! भूमिकानं आज्याचा हात घट्ट धरला. त्यानंतरचा वेळ तिला फार मोठा वाटला. मग उजवीकडून दुसरा आवाज आला.

धप्प!

जनूआजानं आकडी खांद्यावर घेतली आणि नातीकडे बघितलं.

"चल गो भूमिका," तो म्हणाला, "भूक लागली."