शुक्रवारचं स्टूल

संपदाची आणि परेशची पहिली भेट झाली वसईकडच्या निर्मळ गावच्या बाजारात, आणि तीही भांडणातून.

तिथून जवळच बोळिंजला एक छोटी कंपनी आहे, मोबाइलवरून पैसे पाठवायचं ॲप बनवणारी. ते ॲप तपासायचं काम संपदाचं. ती पास म्हणेल तेवढंच लोकांच्या फोनमध्ये जायचं. त्या सकाळी ती फुलवाल्या मटिल्डा मावशींच्या शेजारी बसून त्यांना बटणं दाबायला लावत होती. तेवढ्यात केळीचा घड बांधलेली एक स्कूटर थांबली.

"मावशींना कशाला छळताय?" स्कूटरवरचा उंच मुलगा म्हणाला. "एवढुशी अक्षरं... चष्म्यातूनसुद्धा दिसायची नाहीत त्यांना."

"तुम्हाला फार कळतं का?"

"कळतं ना. हेच ॲप ना? सोमवारपासून तुमच्याच कंपनीत येतोय — अक्षरं मोठी करायला!"

जाताना त्याने चार केळी तोडून तिच्या पिशवीत टाकली आणि नजर न हटवता हसला. झालं, बाईसाहेब तिथेच कामातून गेल्या!

पुढचे दोन महिने कसे गेले, विचारू नका. शेजारी शेजारी टेबलं, एकाच डब्यातली भाजी...

"तू हसलीस की माझं काम चुकतं," तो म्हणायचा.

"मग बघू नकोस माझ्याकडे."

"ते कसं जमायचं?"

पण खरं काय ते दोघंही बोलेनात. आणि मग आली ॲनिशा.

ॲनिशा वसईच्या एका जुन्या गावातली, तीन महिन्यांच्या करारावर आलेली. पोरगी हुशार, ते कबूल करायलाच हवं. अनोळखी माणसाला पैसे पाठवताना ॲपने बोलून विचारावं, 'या माणसाला ओळखता का? ओळखत नसाल तर थांबा,' आणि तेही इथल्या गावबोलीत, ही कल्पना तिची. फसवणाऱ्यांचा फोन आला की घाबरलेली बाई पटकन बटण दाबते. घरातल्यासारखा आवाज कानावर पडला तर क्षणभर तरी थांबेल. आवाज ॲनिशाचा, बाकी सगळं परेशने बांधायचं.

ती बोली परेशच्याही घरची. मग काय! दोघं एका माइकपुढे बसायची, एक वाक्य बोलायची आणि पोट धरून हसायची. संपदाचे आईवडील साताऱ्याकडचे, तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"काय झालं एवढं हसायला?" तिने एकदा विचारलं.

"अगं... तुला सांगून मजा नाही यायची," परेश म्हणाला.

संपदाच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर बरी मजा येत होती! ॲनिशाने त्याचे हेडफोन नीट केले तरी हिच्या घशाखाली घास उतरेना. डबा आता ती एकटीच खायची, आणि 'मला काय त्याचं' असं तोंड करून सारखी तिकडेच बघायची.

गुरुवारी निर्मळला त्या आवाजाची परीक्षा झाली. दहा बायका. मटिल्डा मावशी आवाज ऐकून दचकल्या, मग तोंडभर हसल्या आणि 'थांबा'चं बटण बरोब्बर दाबलं. बाकीच्या नऊ जणींनीही तेच केलं. ॲनिशाने आनंदाने परेशचा दंड धरला... आणि धरूनच ठेवला.

ऑफिसात परतल्यावर संपदाने शेरा लिहिला, 'नापास. भाषा कळत नाही.' कुणाला कळत नाही, ते काही लिहिलं नाही.

तासाभरात जयवंत सरांनी ॲनिशाला सांगितलं, की हे काम थांबलं म्हणजे करार वाढवता येणार नाही. शनिवार शेवटचा दिवस. साहेब तेच, त्यांच्यापुढे कोण बोलणार! संपदाला क्षणभर हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. पण परेश तिच्या टेबलाशी आला, पडलेल्या चेहऱ्याने.

"मला वाटलं होतं, सगळ्यांना कळलं," तो म्हणाला. "पण तू तपासलंस म्हणजे बरोबरच असणार."

त्याने ओरडायला हवं होतं. हा विश्वास तिला फार लागला.

या ऑफिसात एक पद्धत होती. दर शुक्रवारी चार वाजता मधोमध स्टूल ठेवायचं, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याने त्यावर उभं राहून ती सांगायची. सांगणाऱ्याला टाळ्या, लपवणाऱ्याला नारळ. लोकांच्या पैशाशी खेळ नको, असं सर म्हणायचे.

त्या शुक्रवारी संपदा स्टुलावर चढली.

"भाषा दहाच्या दहा जणींना कळली. कळली नाही ती मला... आणि मी जळले. परेश ॲनिशाशी हसतो ते मला बघवत नाही. कारण मला — मला तो आवडतो. म्हणून मी चांगलं काम नापास केलं."

एकही टाळी वाजली नाही. परेश जमिनीकडे बघत होता.

"महिनाभर तुझी पास-नापासची सही चालणार नाही," सर म्हणाले. "आणि ॲनिशा, तू कुठेही जात नाहीस."

मग एक टाळी वाजली. ॲनिशाची. मागोमाग बाकीच्यांच्या.

पाण्याच्या मशीनपाशी ॲनिशाने तिला गाठलं. "खरं बोललीस म्हणून वाजवली. माफ नाही केलं अजून."

"बरोबर आहे तुझं."

"आणि तू उगाच नाही जळलीस गं. मला आवडतो तो. काल सांगितलंसुद्धा त्याला."

"मग... काय म्हणाला?"

"त्यालाच विचार," असं म्हणून ॲनिशा डोळे पुसत निघून गेली.

परेश खाली जिन्यात बसला होता.

"रागावलोय मी," तो मान वर न करता म्हणाला.

"रागाव. हक्क आहे तुझा."

"मावशींसारख्या एखादीचे पैसे गेले असते ना, तर तुझ्याशी जन्मात बोललो नसतो."

"हो..." तिचे डोळे भरून आले. "ॲनिशाला काय सांगितलंस काल?"

"हेच, की माझं मन आधीच कुणाकडे तरी आहे. आणि त्या बयेला काही पत्ताच नाही."

"आणि आता?" तिने कसंबसं विचारलं.

"आताही तिथेच आहे. राग गेलेला नाही, पण." तो बाजूला सरकला. "बस."

ती बसली. मग त्याने तिचा हात हातात घेतला, आणि राग होता तसाच ठेवून घट्ट धरला.