मी न तपासलेला विभाग

"ते दार ढकलायचं असतं... ओढायचं नसतं."

मागून आवाज आला आणि मी दचकलेच. मिनिटभर तरी मी त्या मुठीशी झटापट करत होते. सभागृह शोधता शोधता चुकीच्या दारातून आत शिरले होते आणि बाहेर पडता येत नव्हतं. आत कडाक्याची थंडी, दोन्ही बाजूंना छतापर्यंत मांडण्या आणि त्यांत बियाण्यांची हजारो चंदेरी पाकिटं. त्या मांडण्यांमधून लोकरी टोपी घातलेला एक उंच माणूस पुढे आला. त्याने अंगातला कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि दार एका बोटाने उघडलं.

"आणि तुम्हाला थंडी?"

"मला सवय आहे. इथे सगळे मला थंडोबा म्हणतात."

मी हसले. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे ते हसणं कसं दिसलं असेल, देव जाणे.

दुपारी कळलं की हा थंडोबाच माझ्या वाट्याला आलाय. पिकांवर संशोधन करणारं ते आंतरराष्ट्रीय केंद्र. दर पाच वर्षांनी बाहेरची समिती येऊन तिथला कारभार तपासते. कुठलं काम चांगलं चाललंय, कुठलं बंद करावं, वरचे लोक नीट चालवतात की नाही. आम्ही तिघं होतो. प्रमुख प्रोफेसरबाई, मातीचे तज्ज्ञ आणि सगळ्यांत खोट काढणारे मातीवाले काका, आणि आकडेवारी बघणारी सर्वांत धाकटी मी. माझ्याकडे बियाणे संग्रह आणि त्याला जोडलेलं छोट्या कडधान्यांचं काम होतं. ते काम बंद करून ती जागा मोठ्या पिकांना द्यावी, असं संचालकांच्या मनात होतं. म्हणजे थंडोबाचं आठ वर्षांचं काम माझ्या शेऱ्यावर टांगलेलं.

मी माझी प्रश्नावली काढली. सगळे विभागप्रमुख एका प्रश्नाला हमखास बगल देत. 'तुमच्या कामातली सर्वांत मोठी उणीव कोणती?'

त्याने कपाट उघडलं आणि एक जाड वही माझ्यापुढे ठेवली.

"अकरा हजार वाणांपैकी चार हजारांची उगवण तपासायची मुदत टळून गेलीय. त्यातलं किती बी जिवंत आहे, मला माहीत नाही."

संचालकांच्या सादरीकरणात तर सगळं आलबेल होतं. मी वहीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"हे मला का दाखवताय? तुमचंच काम बंद पडेल अशाने."

"तुम्ही विचारलंत म्हणून."

माणसं द्या म्हणून त्याने वर पाच पत्रं पाठवली होती. उत्तर एकाचंही नव्हतं. ती पत्रं मात्र त्याने आपणहून दाखवली नाहीत. ती मला दुसऱ्या दिवशी कचेरीच्या फायलीत सापडली.

"ही का नाही दाखवलीत?"

"बी माझ्या ताब्यात होतं. पत्रं पुढे करून काय सांगणार... माझी चूक नाही म्हणून?"

पुढचा आठवडाभर मी रोज त्याच्या प्रयोगशाळेत जात होते. ओल्या टीपकागदावर शंभर शंभर दाणे मांडायचे आणि कोंब फुटलेले मोजायचे. तो चिमट्याने एकेक दाणा असा उचलायचा, की झोपलेलं बाळ उचलतोय. खिडकीबाहेर वाफ्यांवर तुषारसिंचनाचे फवारे फिरत असायचे, ओल्या मातीचा वास आत यायचा, आणि मी... मी मोजणी चुकायचे.

"त्रेसष्ट," मी म्हणाले.

"एकसष्ट. दोन तुम्ही दोनदा मोजलेत."

"तुम्ही माझं मूल्यमापन करताय की मी तुमचं?"

"तुमचं कसं करणार... माझं लक्ष सारखं तुमच्याकडेच असतं, म्हणून तर चूक दिसली."

एवढं बोलून तो कानापर्यंत लाल झाला आणि त्याने पुन्हा दाण्यांत डोकं घातलं. त्या दिवशी विभागाचा शेरा लिहायला बसले, तर पहिलंच वाक्य आलं, 'विभागप्रमुख अत्यंत प्रामाणिक आहेत.' वाक्य खरंच होतं. पण ते माझ्यातली परीक्षक लिहीत नव्हती, हे मला नेमकं कळत होतं. मी ते खोडलं आणि प्रोफेसरबाईंच्या खोलीवर गेले.

सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे त्याच्याआधी मला सांगितलंस. शहाणी आहेस. तो विभाग आता मातीवाले बघतील."

मातीवाले काकांनी आजवर कुणाला पैकीच्या पैकी दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

थंडोबाला सांगणं भाग होतं. वाफ्यांच्या बांधावर गाठलं.

"उद्यापासून तुमचा विभाग मी तपासणार नाही."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. तुम्ही मला आवडायला लागलात... आणि आवडणाऱ्या माणसाला गुण देता येत नाहीत."

तुषारांचं पाणी आमच्या पायांवर येत होतं. दोघंही जागचे हललो नाही.

"मग मी आता काही बोललो तर?"

"अहवाल मंजूर होईपर्यंत काही बोलू नका. फोनही नको."

"किती दिवस?"

"तीन महिने."

त्याने मान डोलावली. "बरं," म्हणाला. फक्त 'बरं'.

ते तीन महिने कसे गेले, माझ्या आईला विचारा. भाजीत मीठ दोनदा पडत होतं. फोन वाजला की मी उठायचे, आणि तो कुणाचा तरी दुसऱ्याचाच असायचा.

अहवाल मंजूर झाला. मातीवाले काकांनी कुणालाच सोडलं नव्हतं. 'सहाशे वाण मेले. पाच पत्रांना उत्तर न देणारं व्यवस्थापन याला जबाबदार आहे. पण पाचही पत्रं संचालकांच्याच टेबलावर पाठवत राहणं, ही विभागप्रमुखांचीही चूक आहे. थेट नियामक मंडळाकडे जायला हवं होतं. काम सुरू ठेवावं. तातडीने चार माणसं द्यावीत.'

दोन दिवसांनी सकाळी बेल वाजली. आईने दार उघडलं आणि आत येऊन हळूच म्हणाली, "कुणी उंच गृहस्थ आलेत. नाव सांगायच्या आधी आभारच मानतायत."

तो दारातच उभा होता, प्रवासाने चुरगळलेल्या शर्टात.

"आभार कसले? मी तर काही लिहिलंच नाही."

"त्याचेच. तुम्ही लिहिलं असतंत, तर चांगलं लिहिलं असतंत. मग जन्मभर वाटलं असतं, काम वाचलं ते कामामुळे की तुमच्यामुळे. आता मला ठाऊक आहे. आणि माझी चूकही ठाऊक आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं अहवाल लिहिले, त्यासाठी कुणी दारात येऊन आभार मानले नव्हते. न लिहिल्याचे तर नाहीच.

"आता बोलू का?" त्याने विचारलं. "तीन महिने साठवलंय."

"बोला ना."

"लग्न करशील माझ्याशी?"

तुम्हीवरून तो एकदम तूवर आला होता, आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मी 'हो' म्हणाले. आतून आईच्या हातातली बशी पडल्याचा आवाज आला. म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

लग्नाचं पहिलं आमंत्रण आम्ही दोघांनी मिळून मातीवाले काकांना लिहिलं, पानभर आभार मानून. आठवड्याने त्यांचं उत्तर आलं.

'येईन. अहवालातलं एकही वाक्य बदलणार नाही. सुखी राहा.'