एकट्यांची रांग

"किती?" बस्टर नावाच्या रोलरकोस्टरच्या फलाटावरच्या मुलीने विचारलं, आणि मी नेहमीसारखं एक बोट वर केलं.

"पुढचा डबा. डावीकडे."

मी धावत जाऊन बसले. शेजारी कोण आहे हे बघायची आमच्या घरात पद्धत नाही. दांडा मांडीवर ओढला, केस घट्ट बांधले... आणि शेजारून आवाज आला, "जरा दमाने. गाडी आपल्याला सोडून जात नाही."

मी मान वळवली. उन्हाने रापलेला चेहरा, रुंद खांदे, आणि डोळ्यांत असं हसू, की जणू आमची वर्षानुवर्षांची ओळख!

"मला सवय आहे," मी म्हटलं.

"धावायची?"

"पहिली यायची."

"अस्सं! आणि पहिली आल्यावर काय मिळतं?"

उत्तर जिभेवर होतं, पण तेवढ्यात साखळी खडखडली आणि बस्टर ती जुनी लाकडी चढण चढू लागला. वर समुद्राचा खारा वारा लागला, एक क्षण सगळं थांबलं, आणि मग... मी जीव खाऊन ओरडले. तो ओरडला नाही. तो माझ्याकडे बघत होता!

"समोर बघायचं असतं," उतरताना मी त्याला सुनावलं.

"समोरचं काल पाहिलं. उद्याही बघीन. तू मात्र आज पहिल्यांदाच दिसलीस."

माझे कान तापले. मी रेनाता झानेट्टी. माझे कान असे कुणाच्याही बोलण्याने तापत नाहीत.

आम्ही झानेट्टी म्हणजे स्टॅनथॉर्पच्या डोंगरावरचे सफरचंदवाले. सफरचंदं उतरवून झाली आणि फांद्यांची छाटणी सुरू व्हायची असते, त्या मधल्या फटीत वर्षातून दोन दिवस आम्ही गोल्ड कोस्टला येतो. दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. पण त्या दोन दिवसांत या करमणुकीच्या बागेतली एकही राइड आमच्या हातून सुटत नाही! दरवाजा उघडताना आम्ही सगळ्यात पुढे, आणि दरवाजा उघडला की पपा पुढे, मम्मा मागे, मी दोघांच्याही पुढे. गुपित काय, तर एकट्यांची रांग. मोठ्या रांगेतली माणसं जोडीने बसतात, कुठे एखादी खुर्ची रिकामी राहते, तिथे एकट्याला बसवतात. मोठी रांग तासभर ताटकळते, आम्ही भुर्रकन पुढे. लोक आठवडा आठवडा राहतात आणि निम्म्या राइड न करताच परत जातात. पपांना त्यांची फार कीव येते. मलाही यायची. आमच्यासारखं कुणी नाही, हे मी ताठ मानेने सांगत असे.

उतारावर आपोआप निघालेले फोटो विकतात, त्या खिडकीपाशी तो पुन्हा शेजारी येऊन उभा. पडद्यावर मी तोंड वासून किंचाळतेय आणि हा... गालातल्या गालात हसत माझ्याकडे बघतोय.

मी फोटो घेतला. "गैरसमज नको. दर वर्षी बस्टरचा फोटो आमच्या फ्रीजवर लागतो."

"म्हणजे मी तुमच्या फ्रीजवर? शेजारी कोण?"

"एक टकलू काका. ओरडताना त्यांची कवळी अर्धी बाहेर आलीय."

"सोबत चांगली आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "मी निकौ. न्यूझीलंडचा. गिझबर्नला संत्र्यांच्या बागेत कामाला आहे. आजीला घेऊन आलोय, पंधरा दिवस."

"पंधरा दिवस! इथे? करता काय?"

"रोज एक राइड. बाकीचा वेळ बसतो."

"बसता?"

"बाकड्यावर. तुमच्याकडे बाकडी असतात ना?"

"न्यूझीलंडमध्ये म्हणे प्रत्येकाकडे मेंढ्या असतात. तुझ्या मेंढ्यांना तुझ्यावाचून करमतं?"

"रोज फोन करतात बिचाऱ्या. बाकी हुशार आहेत, फक्त पावलोव्हाचा केक तुमच्या देशाने शोधला असं कुणी म्हटलं की भडकतात."

"आमच्याच देशाने शोधला!"

"बघ, झालं भांडण सुरू."

पैज तिथेच लागली. उद्याची सकाळ माझी, दुपार त्याची. ज्याला दुसऱ्याची तऱ्हा आवडेल, त्याने कबूल करायचं की पावलोव्हा दुसऱ्याच्या देशाचा. मी हात पुढे केला. त्याने तो धरला... आणि पैज लावायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मीही ओढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडला आणि मी त्याला पळवलं! गडी कच्चा नव्हता. धापा टाकत होता, पण मागे राहत नव्हता. एकट्यांच्या रांगेतून एकामागून एक राइड. "हं? कसं वाटतंय?" मी विचारायची, आणि तो कपाळावरचा घाम पुसत म्हणायचा, "सांगतो... श्वास मिळाला की..."

जेवायच्या वेळेपर्यंत बस्टर सोडून सगळं उरकलं. तो शेवटी करायचा, ही आमची रीत.

"कबूल कर," मी म्हटलं.

"मजा आली. खरंच," तो म्हणाला. "पण रेनाता, मला तुझ्या शेजारी बसायचं होतं."

मी थबकले. सकाळभर तो पुढच्या डब्यात, मी मागच्या. त्याच्या शेजारी शाळकरी पोरी, माझ्या शेजारी ब्रिस्बेनचे कुणी दाढीवाले गृहस्थ. अख्खी सकाळ आम्ही बरोबर होतो, आणि एकदाही शेजारी नव्हतो.

दुपारी त्याने मला चक्रीपाळण्याजवळच्या बाकड्यावर नेलं. तिथे त्याची आजी, नॅन, गरम चिप्सचा पुडा छातीशी धरून बसली होती. समोर एक लांब चोचीचा पांढरा पक्षी नजर लावून उभा. आम्ही त्याला कचराकोंबडी म्हणतो, आणि तो त्याच लायकीचा असतो.

"बस, पोरी," नॅन म्हणाली. "याच्या डोळ्याला डोळा भिडवून राहावं लागतं. नजर हटली की चिप्स गेल्या."

मी बसले. मांडी हलत होती, पाय हलत होते.

"पाय अजून पळतायत हिचे," नॅन हसली. "आईवडील कुठे आहेत?"

"रांगेत. दोघं दोन रांगांत."

"माझा नवरा त्या बस्टरवर रडायचा. चांगला मोठ्याने! खाली उतरला की म्हणायचा, वारा गेला डोळ्यांत. तुझे वडील कसे ओरडतात गं?"

मला माहीत नव्हतं. लहानपणापासून दर वर्षी आलेली मी, पण पपा उतारावर ओरडतात की डोळे मिटतात, मला ठाऊक नव्हतं. मी कधी त्यांच्या शेजारी बसलेच नव्हते. फ्रीजवरचे सगळे फोटो डोळ्यांपुढे आले. प्रत्येकात आमच्यातलं एक जण, आणि शेजारी कुणीतरी परकं.

माझे पाय हलायचे थांबले. त्याच क्षणी कचराकोंबडीने चिप्सवर झडप घातली, नॅनने तिला न्यूझीलंडची अस्सल शिवी दिली, आणि निकौ इतका हसला, की मलाही हसू आवरेना.

"बस्टर राहिलाय तुझा," तो हळूच म्हणाला.

"चल. पण... मोठ्या रांगेने."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. समुद्रावरून भुरभुर पाऊस आला. निकौने न सांगता जागा बदलली, पाऊस त्याच्या बाजूला आणि मी आडोशाला. आम्ही संत्री बोललो, सफरचंदं बोललो, त्याच्याकडच्या आणि माझ्याकडच्या छाटणीच्या कात्र्यांची तुलना केली. मग तो मधेच थांबून दूरच्या बाकड्याकडे बघू लागला.

"काय रे?"

"उद्या तू नसशील. बाकडं तेच असेल, नॅन तीच. पण राहिलेले दिवस आता मला..." त्याने ओठ चावला. "जाऊ दे."

"थांब," मी म्हटलं. मान मी खाली घातली नाही. "तू काल विचारलंस ना, पहिली आल्यावर काय मिळतं? तुझ्या आधी बोलायला मिळतं. तू मला आवडतोस, निकौ. आता बोल तू, दुसरा आलास."

भिजलेल्या पापण्या, आणि ते हसू.

"हरलो," तो म्हणाला. "कालच हरलो होतो, त्या पहिल्या चढणीवरच."

"मग पावलोव्हा?"

"तो आमचाच! पण मी तुझा."

"रेनाता!" दोरीच्या पलीकडे पपा उभे होते, हातात गाडीची किल्ली. मागे मम्मा. "ही मोठी रांग आहे! आपली तिकडे. आणि चल लवकर, अंधार पडून कांगारू रस्त्यावर यायच्या आत घाट चढायचाय."

"माहीत आहे, पपा. पण मी इथेच थांबतेय. नुसती आजच नाही, आठवडाभर."

पपांनी निकौकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. "आणि हे कोण?"

"निकौ. संत्र्यांची झाडं छाटतो. पपा, एक विचारू? उतारावर तुम्ही ओरडता का?"

"काय?"

"सांग की, ब्रुनो," मम्मा एकदम म्हणाली. "इतक्या वर्षांचा संसार झाला, मलाही माहीत नाही."

पपांनी एकट्यांच्या रिकाम्या रांगेकडे पाहिलं. मग मम्माकडे. आयुष्यभर पुढे धावलेला माझा बाप, तिथे पावसात उभा राहिला आणि मम्माची वाट पाहिल्यासारखा थांबला. त्या क्षणी त्यांचा मला जितका अभिमान वाटला, तितका सगळ्या राइड पुऱ्या केल्यावरही कधी वाटला नव्हता.

"छाटणी?" मम्माने विचारलं.

"झाडं कुठे पळून जातायत?" पपा म्हणाले.

मी दोरी वर उचलली. "या आत."

"मधे घुसायचं?" पपा ताठ झाले. "झानेट्टी मधे घुसत नाहीत!" आणि मम्माचा हात धरून ते सरळ रांगेच्या शेपटाकडे निघाले.

फलाट आता समोर दिसत होता. मी निकौकडे पाहिलं.

"मला घाई नाही," तो म्हणाला.

आम्ही रांग सोडली आणि त्यांच्या मागे शेपटाला जाऊन उभे राहिलो.

फलाटावर पोचलो, तेव्हा दिवे लागले होते. "किती?" त्याच मुलीने विचारलं. सवयीने पपांचं एक बोट वर गेलं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. मग मागे वळून आम्हाला एकेकाला पाहिलं, आणि जत्रेत आमच्या सफरचंदांना पहिलं बक्षीस मिळालं की काढतात त्या आवाजात म्हणाले, "चार!"

त्या वर्षी आमची छाटणी आठवडाभर उशिरा सुरू झाली, आणि छाटायला दोन हात जास्त होते. टकलू काकांना खाली सरकवून आम्ही नवा फोटो फ्रीजवर लावला. पपा डोळे घट्ट मिटून किंचाळतायत, मम्मा त्यांच्याकडे बघून हसून हसून वाकलीय, मी समोर बघतेय, आणि निकौ पुन्हा माझ्याकडे. शेजारी परकं कुणीच नाही.