बाहेरून उघडणारं दार

"तुम्हाला गाडी चालवता येते का हो?"

समिधाने छत्री जरा वर केली. डोंगरीचा चढ संपतो तिथे, श्रावणातल्या त्या उगाच येऊन जाणाऱ्या सरीत, पिस्ता रंगाची एक जुनी फियाट रस्त्याच्या कडेला फुरंगटून बसली होती. तिच्या डिकीला खांदा लावून उभा असलेला, चिंब भिजलेला तरुण हे विचारत होता.

"नाही येत," समिधा म्हणाली.

"बरं झालं. ज्यांना येते, त्यांचं ही ऐकत नाही." त्याने कपाळावरचं पाणी निपटलं. "मग धक्का मारता येतो?"

"अहो, मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणसांना उठवून चालायला लावते, गाड्यांना नाही."

"एवढंच ना? हिलाही म्हातारी पेशंट समजा. गुडघे धरलेत."

समिधाला हसू आलं. खरं म्हणजे तिला उशीर होत होता. तारोडीला एका आजोबांकडे व्यायामासाठी जायचं होतं, आणि हाटकेशपासून आणलेल्या रिक्षावाल्याने "आगे रोड खराब है" म्हणत तिला इथेच उतरवलं होतं. पण तिने छत्री मिटली, दोन्ही हात डिकीवर ठेवले... आणि तो आत बसताच जीव खाऊन ढकललं. उतार लागला, गाडी खोकली, शिंकली, आणि चक्क चालू झाली. चालू झाली ती थांबेचना.

"अहो! मला सोडून कुठे चाललात?"

खिडकीतून हात बाहेर आला. "थांबवली तर बंद पडेल — पळत या! दार उघडा नि बसा!"

समिधा पळाली. चप्पल हातात, बॅग खांद्यावर, ओढणी वाऱ्यावर. दार खेचून ती आत पडली तेव्हा दोघंही इतके हसत होते, की नावं विचारायची राहूनच गेली. ती तारोडी आल्यावर कळली. तो भूपेश, मुर्ध्याचा. आजोबांची मिठागरं होती, भातशेती होती. आता त्याचा हाटकेशला पुठ्ठ्याचे खोके बनवायचा छोटा गाळा होता.

उतरायची वेळ आली तर समिधाला दारच उघडेना. आतली दांडी नुसतीच लुळी हलत होती.

"राहू दे. ते आतून उघडत नाही." असं म्हणून भूपेश उतरला, पावसातून बॉनेटला वळसा घालून आला, आणि बाहेरून दार उघडून नीट बाजूला उभा राहिला. हात पुढे केला. घाई नाही, नाटक नाही.

रिक्षातून उतरताना मागे वळून बघायचीही सवय नसलेल्या मुलीला तेवढंच पुरेसं झालं. त्या दिवशी आजोबांचा व्यायाम घेताना तिने एकच हात दोनदा वर करायला लावला.

पुढचं जसं होतं तसं होत गेलं. तारोडीच्या फेरीच्या दिवशी फियाट समिधाच्या क्लिनिकच्या खाली उभी राहू लागली. गाडीच्या गुणदोषांची ओळख झाली. चोक किती ओढायचा, तिसरा गिअर टाकताना हात कसा हलका ठेवायचा, त्रिकोणी काच जरा उघडली की खाडीचा वारा कसा थेट गळ्याशी येतो. पुढची सीट सलग होती, बाकासारखी. मध्ये काहीच नव्हतं. वळणावर समिधा जरा सरकायची... आणि सरळ रस्त्यालाही परत आपल्या जागी जायला विसरायची.

"ही एवढी जुनी गाडी का चालवतोस रे?" ती विचारायची. भूपेश दर वेळी वेगळं उत्तर द्यायचा.

"नवीन गाडीत बसलं की माणूस मोबाइल बघतं. हिच्यात बसलं की गाडीकडे लक्ष द्यावं लागतं."

किंवा, "हिला काय दुखतंय ते ही आवाजात सांगते. नवीन गाडी दिवा लावते नि गप्प बसते. तुझ्यासारखी."

"मी गप्प बसते?"

"दिवा तर लावतेस."

समिधा खिडकीबाहेर बघू लागायची. कीर्तनात बुवा एकच चरण घोळवतात, आणि दर आवर्तनाला त्यातून नवं काही तरी निघतं, तसं तिला भूपेशच्या बोलण्याचं वाटायचं. ती कीर्तनाची वेडीच होती. रत्नागिरीहून आलेल्या तिच्या आईने, आशाने, मीरा रोडच्या वन-रूम-किचनमध्ये लेकीला झोपवलं ते कॅसेटवरच्या कीर्तनांनी. म्हणून भूपेशने एकदा "एकादशीला आमच्याकडे कीर्तन असतं, येशील?" असं विचारलं, तेव्हा तिने हो म्हणायला क्षणही लावला नाही.

तिथे तिला रंभाकाकू भेटल्या, भूपेशची आई. ठसठशीत, सावळ्या, कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीमाळ. नवरा, पुंडलिक, जाऊन काही वर्षं झाली होती. घरापासून देऊळ काही लांब नव्हतं. पण काकू दर एकादशीला फियाटमध्ये बसूनच यायच्या, पुढच्या सीटवर, मांडीवर हात ठेवून. गाडी थांबली की हलायच्या नाहीत. भूपेश वळसा घालून यायचा, दार उघडायचा, हात द्यायचा. मग काकू पदर सावरून अशा उतरायच्या, की समिधाला मागच्या सीटवरून वाटायचं, पालखीच उतरतेय.

पण ती फिजिओथेरपिस्ट होती ना. तिला दिसले ते काकूंचे गुडघे, आणि ती लुळी दांडी.

"नीट करून घे ना ते दार," ती भूपेशला म्हणाली.

"असू दे गं."

"आळशी!"

"आहे खरा." आणि तो काही तरी सांगणार असल्यासारखा थांबला, मग हसून गिअर टाकला. तिने त्याला तेव्हा विचारायला हवं होतं. किंवा त्याने तरी बोलायला हवं होतं. पण नव्या प्रेमात माणसाला वाटतं, सांगायला पुढे दिवसच दिवस आहेत...

दसऱ्याच्या आधी भूपेश कामासाठी वापीला गेला. ब्रेकचं काम निघालं होतं, म्हणून गाडी हाटकेशला नीरजच्या गॅरेजमध्ये सोडून गेला. समिधाला कल्पना सुचली, आणि सुचताच ती तिच्या प्रेमातच पडली. दसऱ्याला लोक गाडीला हार घालतात. आपण असं काही देऊ, की त्याच्या आईला रोज उपयोगी पडेल!

नीरज हात पुसत घुटमळला. "मॅडम, वो दरवाजा? भूपेशभाई हाथ लगाने नहीं देते."

"सरप्राइज आहे. आप कर दो ना."

"पूछ लेते एक बार..."

"अरे, विचारलं तर सरप्राइज कसलं!"

दुसऱ्या एका भंगारातल्या फियाटचं लॉक मिळालं. बसवलं. समिधाने आत बसून स्वतः दांडी ओढून पाहिली. दार लोण्यासारखं उघडलं. तिने टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. काकूंनी ओवाळलं. तिघं देवळाकडे निघाले. काकू पुढे, समिधा मागे, पोटात गुपित घेऊन. भूपेशही आज वेगळाच होता. नवा सदरा, आणि नेहमीच्या गप्पा नाहीत. देवळासमोर त्याने गाडी लावली, खाली उतरला आणि पुढून वळसा घालायला निघाला. काकू मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. समिधाला राहवलं नाही. ती पुढे वाकली.

"काकू, थांबायचं कामच नाही आता! ती दांडी ओढा बघू!"

काकूंना कळेना. समिधाने त्यांचा हात धरून दांडीवर ठेवला. खट् झालं, आणि दार आपोआप उघडलं.

भूपेश बॉनेटपाशी होता, स्वस्तिकाच्या बरोबर पुढे. तिथेच थांबला.

"कसं?" समिधा आनंदाने ओरडली.

काकू एकट्याच उतरल्या. दाराला धरून, सावकाश. "बरं केलंस पोरी," त्या बोलल्या. "बरं केलंस हां." आणि देवळाकडे चालू लागल्या.

"मस्त झालं," भूपेश म्हणाला. तो तिच्याकडे बघून हसलाही. ते हसू नीट बसवलेलं नव्हतं, एवढं मात्र तिला दिसलं.

त्यानंतरच्या एकादशीला काकू चालत आल्या. शेजारच्या चंपामावशीचा खांदा धरत, मध्ये थांबत. भूपेश फियाट घेऊन मागून आला, रिकामीच. समिधाला वाटलं, आज असेल काही. पण पुढेही तेच. मग ती न सांगता मुर्ध्याला गेली. काकू ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. समिधा शेजारी बसली आणि सोलू लागली.

"काकू, गुडघे असे असताना चालत का जाता? गाडी आहे ना."

"हाय ना गाडी. आता चांगली झाली."

"मग?"

काकू सोलत राहिल्या. सालं एका बाजूला, वाल एका बाजूला.

"पोरी, मी या घरात आले तवा इथं खंडीभर मानसं. सासरा या इथं ओट्यावर बसायचा. त्याच्यासमोर यांनी माज्याशी बोलायचं पन न्हाय. हात धरनं तर लांबच. भूपेशच्या टायमाला मी पोटुशी, आमी याच गाडीतनं कीर्तनाला गेलो, आन् ते दार आडकलं. हे पुढून फिरून आले. दार उघडलं. आन् सगल्या गावासमोर माजा हात धरून मना उतरवलं!" काकूंच्या तोंडावर एकदम लाज आली, ताज्या नवरीची. "कोन काय बोलनार? दार खराब होतं ना!"

समिधाचे हात थांबले.

"मंग यांनी ते कदी नीट केलंच न्हाय. सासरा वरडायचा, पुंडलिक, दार नीट कर. हे बोलायचे, पार्ट भेटत न्हाय बाबा." काकू हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "दुनियेला पार्ट भेटायचा, यांनाच न्हाय. हे गेल्यावर लेक येऊ लागला फिरून. मी खाली बघून बसायची. दार उघडेपर्यंत मना वाटायचं... आता हेच येतील. तेवढंच."

"काकू..." समिधाने हातातला वाल खाली ठेवला. "काकू, मला माहीत नव्हतं हो."

"तुला कुटून माहीत असनार? मायेनंच केलंस तू."

तेच तर सहन होत नव्हतं. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

ती तडक गॅरेजमध्ये गेली. जुनं लॉक? नीरजने मान हलवली. "वो तो भंगार में गया, मॅडम. चाहिए तो ये वाला तोड दूँ?" समिधाने नव्या दांडीकडे पाहिलं. मुद्दाम मोडलेलं दार काय कामाचं! ते जुनं कोणी मोडलं नव्हतं. देवाच्या दारात ते आपणहून अडकलं होतं, आणि एका लाजऱ्या माणसाला बायकोचा हात मिळाला होता.

भूपेशला तिने उत्तनच्या बंदरावर गाठलं. सुकत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमागे समुद्र ओहोटीला लागला होता.

"तू का नाही सांगितलंस मला?"

"सांगणार होतो." तो वाळूकडे बघत होता. "दसऱ्यालाच. ठरवलं होतं, आईला उतरवायचं, मग तुला, आणि देवळाच्या पायरीवर सांगायचं, की माझ्या बाबांनी हे दार का ठेवलं होतं. आणि मग विचारायचं. वळसा घालताना शब्द जुळवत होतो. बॉनेटपर्यंत अर्धं वाक्य झालं होतं... आणि दार उघडलं."

"अर्धं वाक्य काय होतं?"

"आता नाही आठवत."

"खोटं."

"हो, खोटं." तो किंचित हसला. "तुझी चूक नाही, समिधा. मी म्हणायचो ना, हिला काय दुखतंय ते ही आवाजात सांगते. मीच काही आवाज केला नाही."

"मग आता विचार."

"आई चालत जातेय, आणि मी तुला कसं विचारू?"

दोघं गाडीत येऊन बसले. सीट तशीच सलग होती, पण त्या दिवशी वळणावर ती सरकली नाही.

पुढच्या एकादशीला बुवा छान रंगले. समिधा मागे खांबापाशी बसली होती. तिचं लक्ष मात्र एकाही चरणात नव्हतं. कीर्तन संपलं. तिथल्या रीतीप्रमाणे लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. समोरच्यात देव आहे म्हणून आजी नातीच्याही पाया पडते. समिधा उठली, आणि बघते तर रंभाकाकू समोर. ती वाकायच्या आत त्याच वाकल्या. ते दुखरे गुडघे मोडून, तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

"काकू, नको ना! मला नका..." समिधा तिथेच खाली बसली आणि लहान मुलीसारखी रडली. काकूंनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी धरलं. बुक्का तिच्या कपाळाला लागला.

"उठ. चल घरी."

बाहेर फियाट उभी होती. चंपामावशी चालायला निघाल्या होत्या. काकू मात्र गाडीपाशी थांबल्या. पुढच्या दाराकडे त्यांनी पाहिलं, मग मागचं दार उघडून आत बसल्या.

"काकू, तुमची जागा पुढे आहे."

"मना आता तिथं बसवत न्हाय, पोरी. उगाच वाट बघेन." त्यांनी पदर गुडघ्यांवर ओढला. "तू बस. रिकामी नको राहायला ती."

समिधा पुढे बसली. इतके दिवस हवीशी वाटलेली ती सीट आज तिला टोचत होती. घरी पोचताच काकू मागच्या मागे उतरल्या, ओट्याच्या पायऱ्या भिंतीला धरून चढल्या, आणि मागे न बघता आत गेल्या. आत दिवा लागला.

भूपेशने इंजिन बंद केलं नाही. ती म्हातारी गाडी दोघांच्या खाली एकसारखी थरथरत होती.

"विचारू आता?" तो म्हणाला.

समिधाने मान डोलावली. "विचार. पण मी रडले तर थांबू नकोस हं... पूर्ण वाक्य म्हण."