सहा आणि दोन आठ, तरी अंधार

खट्! तिसऱ्यांदा सगळं बंद पडलं. मोहनाने वैतागून पाय आपटला.

“सहा आणि दोन आठच होतात ना? मग हा दहाचा इन्व्हर्टर का रुसतो?”

उगीच नव्हती हो ती चिडली! लाटवाडी म्हणजे कोळ्यांची तरंगती वाडी, रायगडच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात वसवलेली. वीज सगळी उन्हाची. पॅनेलमधून एकाच दिशेने येणाऱ्या विजेची प्रत्यावर्ती वीज (सतत पुढेमागे हेलकावणारी) करायची ती इन्व्हर्टरने. वाडीला लागायची सहा किलोवॅट. मोहनाला हवा होता दोन किलोवॅटचा हीटर. थंडीची लाट आली होती आणि अंड्यांपासून तिने वाढवलेली जिताडा माशाची पिल्लं टाकीच्या तळाशी मलूल पडली होती. संध्याकाळपर्यंत पाणी ऊबदार झालं नाही, तर एकही वाचणार नव्हतं.

ती टाकीत बोट बुडवी, पुन्हा इन्व्हर्टरकडे धावे. “आजोबा, अहो बसलात काय? चला ना!”

आजोबांचा जन्म वीजकेंद्रात गेलेला. ते शांतपणे म्हणाले, “चिंबोरी, हीटर काढ, वीज चालू कर आणि मोजून सांग.”

चिंबोरी म्हणजे दुरुस्तीचा रोबो, खेकड्यासारखा तिरका चालणारा. तिने तारेला नांगी लावली. “वास्तव शक्ती सहा. आभासी शक्ती दहा.”

“दहा? म्हणजे हा आधीच भरलाय?”

“काठोकाठ,” आजोबा म्हणाले. “होडी मासळी घेऊन बंदरावर जाते. मासळी विकली जाते. आणि मासळीच्या रिकाम्या पाट्या?”

“त्या परत येतात. आजोबा, पिल्लं मरतायत आणि तुम्हाला पाट्या सुचतायत!”

“ऐक तर! पाट्या विकल्या जात नाहीत, पण होडीत जागा अडवतातच ना? पंपाच्या मोटरला फिरायला चुंबकीय क्षेत्र लागतं. त्यासाठी ती वीज घेते आणि क्षणात परत करते, पुन्हा घेते, पुन्हा देते. ही प्रतिघाती शक्ती (काम न करता नुसती ये-जा करणारी). खरं काम करते ती वास्तव शक्ती. तारांना आणि इन्व्हर्टरला मात्र दोन्हींचा भार वाहावा लागतो. तो एकत्रित भार म्हणजे आभासी शक्ती. इन्व्हर्टरवरचा दहा हा आकडा तिचा आहे.”

“मग ये-जा करणारी चार असणार. दहातून सहा गेले.”

“चुकलीस! दोन्ही एकाच वेळी शिगेला पोचत नाहीत, म्हणून सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोण आठव. एक बाजू सहा, कर्ण दहा.”

मोहनाने दातांत नख धरलं. “छत्तीस... शंभर... चौसष्ट. आठ! बाप रे, कामापेक्षा ये-जा जास्त?”

“दहातले सहाच कामाचे. म्हणजे शक्तिगुणक (वास्तव शक्ती भागिले आभासी शक्ती) शून्य पूर्णांक सहा. तुझा हीटर लावला की बाजू आठ आणि आठ, कर्ण अकराच्या वर.”

“पण एवढी ये-जा करतंय कोण?”

“जी मोटर रिकामी फिरते, ती काम जवळजवळ करत नाही, पण चुंबकासाठी ये-जा तेवढीच करते.”

मोहना ताडकन तळघराकडे धावली, मागोमाग आजोबाही उतरले. वाडीच्या तळघरात पाणी उपसायचे सहा पंप होते. तळ कोरडा ठणठणीत असला तरी ते अहोरात्र फिरत. होडीतल्या माणसाने पंप बंद करायचा नाही, हा कोळ्यांचा जुना नेम वाडीवरही आला होता.

पंपांची राखण करणारे हिराजी नाखवा तिथेच बसले होते. पंप बंद करायचं ऐकताच त्यांनी नकारार्थी मान हलवली. “नाही पोरी. बंद पंपापायी माझी होडी गेली, तिच्याबरोबर माझा भाऊ गेला. मी बटणाला हात लावणार नाही.”

मोहनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली बसली. “काका, दोन पंप चालूच ठेवू. हीटर लागला की चिंबोरी खाली येऊन पाणी बघेल. थेंब दिसला तर सगळे चालू करा, माझा हीटर पडू दे बंद. आणि आजोबा उद्या किनाऱ्यावरून कपॅसिटर आणतील (चुंबकाची वीज मोटरपाशीच साठवून परत देणारे). मग पाट्या होडीत चढणारच नाहीत. सगळे पंप फिरवा खुशाल!”

“पाट्या? कसल्या पाट्या?” नाखवांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबा हसले.

नाखवांनी तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला; हात कोरडाच राहिला. मग त्यांनी एकेक करून चार बटणं खाली केली. दोनच पंपांची घरघर उरली; तळघरात एवढी शांतता कुणी कधी ऐकली नव्हती.

“वास्तव पाच, ये-जा तीन,” वरून चिंबोरी ओरडली. हीटर लागला. सात आणि तीन, कर्ण आठाच्याही आत. दिवे तसेच राहिले!

तासाभराने टाकीच्या तळातून एक पिल्लू वर आलं, मग दुसरं, मग झुंडच्या झुंड. मोहना आनंदाने किंचाळली. आजोबा म्हणाले, “आता बस इथे, बघ मनसोक्त.”

पण ती बसली नाही, तळघरात उतरली. तिथे चिंबोरी पाणी बघत होती, तरी नाखवा विजेरी घेऊन स्वतः तळाच्या फळ्या चाचपत होते. मोहना त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

“काका, द्या ती विजेरी,” ती म्हणाली. “थोडा वेळ मी बघते.”