टपालपेटीचे शंभर फोटो

"बोलायचं नाही. नुसता हात दाखवायचा, असा… की मी बाजूला होतो."

आजही कॅमेरा डोळ्याला लावला की आधी हा आवाज ऐकू येतो. पण त्या पहिल्या सकाळी मला त्याचा रागच आला होता. बोलणारा माणूस हातात झाडू घेऊन नेमका माझ्या टपालपेटीसमोर उभा होता!

टपालपेटी काही माझी नव्हती. मी त्या मोठ्या शहरात फोटोग्राफी शिकायला आलेली, गल्लीच्या टोकाला एक खोली घेऊन राहणारी मुलगी. सरांनी सांगितलं होतं, पुलांचे आणि मनोऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. रोज समोर असतं आणि कुणी बघत नाही, असं काहीतरी निवडा. मी कोपऱ्यावरची लाल टपालपेटी निवडली. तिच्या शेजारी एक बाक, मागे चष्म्याच्या दुकानाची पायरी. सकाळी सात वाजून दहा मिनिटं, एकच जागा, एकच फोटो, असे शंभर दिवस. चौकटीत माणूस नको, ही अट मात्र माझी.

"अगं, एवढ्या लांब गेलीस ती एका डब्याचे फोटो काढायला?" आई फोनवर म्हणाली. "आपल्या दारासमोरच्या डब्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

मग जरा थांबून, हळूच, "देवासमोर बोललीस का शंभर?"

"बोलले."

"मग खंड पाडू नकोस. आणि नेम पुरा होईपर्यंत मध्येच दुसरं काही मागू नकोस, बाई."

मी लहानपणापासून घरात असेच नेम बघत आले होते. आता माझंही तसंच: पहाटे उठून अंघोळ, दोन मिनिटं डोळे मिटून हात जोडणं, मग कॅमेरा गळ्यात. ते सगळं मला एकाच ओळीतलं वाटायचं.

तर तो झाडूवाला झाडूवाला नव्हताच. चष्म्याचं दुकान तो आणि त्याची थोरली बहीण चालवत. गिऱ्हाईक नऊनंतर यायचं, पण हा सातलाच शटर उघडायचा. पायरी झाडायची, मग काचा घासत बसायचं. रोज सात वाजून दहा मिनिटांनी तो पायरीवर असायचा, मी हात दाखवायची, आणि तो दोन पावलं उजवीकडे होऊन झाडू खांद्याला लावून शिपायासारखा उभा राहायचा.

"झाला?"

"झाला."

"बघू? …हा तर कालचाच आहे!"

"कालचा नाही. आज बाकावर पान पडलंय."

"अरेच्चा! मग पेढेच वाटायला हवेत."

असं आमचं सुरू झालं. मी त्याला चष्मेवाले म्हणायची, तो मला कॅमेरावाल्या बाई. विसाव्या दिवसापर्यंत तुम्हीचं तू झालं, आणि ते कुणी आधी म्हटलं यावरून आम्ही आणखी चार दिवस भांडलो.

छत्तिसाव्या दिवशी झिमझिम होती. मी खोलीच्या दारात कॅमेरा पदराखाली… म्हणजे ओढणीखाली धरून विचार करत उभी. तो रस्त्यापलीकडून मोठी काळी छत्री घेऊन आला आणि काही न बोलता माझ्या बाजूला उभा राहिला. पेटीसमोर जाऊन फोटो काढून झाल्यावर मी पाहिलं — छत्री पूर्ण कॅमेऱ्यावर. त्याचा सदरा पाठीला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय.

"अरे, तू भिजलास की!"

"मला कुठे काच बसवलीय?" तो म्हणाला. त्याच्या पापणीवर एक थेंब थांबला होता. मला तो बोटानं टिपावासा वाटला… आणि मी कॅमेरा पिशवीत ठेवायच्या घाईत असल्याचं दाखवलं.

एक्क्याऐंशीव्या दिवशी त्यानं माझे डोळे तपासले. "एक डोळा मिटून जग बघतेस, दुसऱ्याचं काय होतंय ते बघायला नको?" असं म्हणून मागच्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, आणि तपासणीची ती जड चौकट नाकावर चढवली. तिच्या काड्या कानांमागे अडकवताना त्याची बोटं थंड होती. काचेच्या भुकटीचा वास येत होता.

"समोर बघ. हे बरं…" खटकन काच बदलली, "…का हे बरं?"

"आधीचं."

"आता?"

"हे."

"आता मी कसा दिसतो?"

"धूसर."

"बरोबर. जवळचं दिसत नाही तुला."

मी हसले. तो हसला नाही. त्यानं आणखी एक काच बसवली, आणि तिच्या कडेवर बोट तसंच ठेवून म्हणाला, "घरी स्थळ आलंय माझ्यासाठी. गावाकडची, शाळेत शिकवते. मी त्यांना थांबा म्हटलंय. का थांबा, ते नाही सांगितलं. सांगू का?"

बाहेर त्याची बहीण कुणाला तरी चष्म्याची डबी दाखवत होती. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. सांग. नुसतं 'सांग', एवढंच तर म्हणायचं होतं. पण शंभराला एकोणीस कमी होते. नेम चालू असताना काही मागायचं नाही, हे इतकं अंगात मुरलेलं… मला वाटलं, आत्ता हात पुढे केला तर दोन्ही निसटतील.

"शंभर होऊ देत," मी म्हणाले. "एकशे एकाव्या दिवशी सांगते."

"एकोणीस दिवस," तो म्हणाला. "थोपवतो घरच्यांना." आणि चौकट माझ्या नाकावरून इतकी हळू काढली, जणू तीही काचेचीच होती.

ब्याण्णवावा दिवस, बुधवार. ढग होते. मी कॅमेरा लावून उन्हाची वाट पाहत होते. तेवढ्यात तो पायरी उतरून सरळ माझ्याकडे यायला लागला. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला. मला तो हलणाऱ्या सावलीसारखा दिसला. मी हात दाखवला. तो थांबला. बाजूला झाला. ऊन यायला दहा मिनिटं लागली. फोटो झाला तेव्हा मी हसून वळले… तर तो तिथे नव्हता. शटर खाली होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो दिसेना. दुकान नऊला उघडत असेल. त्या वेळी मी कॉलेजात. मला वाटलं, मुद्दामच येत नाही, मला शेवटचे दिवस निवांत मिळावेत म्हणून. खरं सांगायचं तर एका सकाळी मला बरंही वाटलं. पायरी मोकळी, कुणाला हात दाखवायला नको, पहिल्या झटक्यात फोटो मिळाला! हे आठवलं की अजून मान खाली जाते. फोन करावा, तर आम्ही फोन नंबर घेतलेच नव्हते. रोज भेटणाऱ्या माणसांना ते सुचतच नाही. माझा एकच नंबर त्याच्याकडे होता, तो चष्म्याचा.

शंभरावा फोटो काढला आणि मी बाकावर बसून राहिले. एकशे एकाव्या दिवसाचीही वाट पाहवेना. नऊला बहिणीनं शटर उघडलं. तिनं मला पाहिलं.

"आत ये," म्हणाली.

काउंटरच्या काचेवर तिनं फडकं फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"बाबांना झटका आला, मंगळवारी रात्री. बुधवारी सकाळच्या गाडीनं तो गेला. मी म्हटलं, तिला सांगून जा. म्हणाला, तिच्याशी बोलतो आणि तसाच निघतो. बॅग घेऊन बाहेर पडला होता."

"बॅग?" मी विचारलं.

"तुला दिसली नाही?"

मी 'नाही' अशी मान हलवली.

"तू हात दाखवलास म्हणे. गाडी चुकेल म्हणून मीच आतून खुणा करतेय, जा, बोल तिच्याशी! तर मला म्हणतो, ताई, आठच राहिलेत तिचे, मोडायचे नाहीत. दहा मिनिटं उभा होता अगं. शेवटी गाडीसाठी पळतच गेला, मग मीच शटर ओढलं."

मी वळून बाहेरच्या पायरीकडे पाहिलं.

"रविवारी तिकडे लग्नाचं ठरलं. बाबा अंथरुणावर, सगळे भोवती बसलेले. नाही म्हणायला त्याच्या हातात काहीतरी हवं होतं ना." मग स्वतःच वरमून म्हणाली, "मी तुला बोल लावत नाहीये हो."

"लावा," मी म्हणाले. "मला बरं वाटेल."

"पत्ता देऊ त्याचा?"

मी खूप वेळ काउंटरखालच्या डब्या बघत राहिले. तिकडे शाळेत शिकवणारी एक मुलगी होती. रविवारी तिलाही कुणीतरी शब्द दिला होता.

"नको," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. रडू आलं ते तेव्हा, दोघींनाही. मग तिनं नाक पुसलं, घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम कपाळावर हात मारला.

"आज गुरुवार! मागचाही गुरुवार गेला. पलीकडच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत, चौथ्या मजल्यावर. डोळे पार अधू झालेत, पण हात अजून चालतात. हा दर गुरुवारी जाऊन त्यांना आठवड्याच्या सुया ओवून द्यायचा. वीस सुया. जाताना एवढंच म्हणाला, मावशींचा गुरुवार चुकवू नकोस, मी शब्द दिलाय. आणि मी मेली दुकान सोडून जाऊ कशी?"

"मी जाते."

"आज?"

"दर गुरुवारी."

"अगं, तोंडातून गेलं म्हणून म्हणू नकोस. म्हातारी वाट बघत बसते. परीक्षा असेल, सुट्टीत घरी जाशील…"

"परीक्षा दुपारी असतात. घरी गुरुवार सोडून जाईन. शब्द देते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खणातून सुयांची चपटी डबी काढली आणि दोन रिळं.

"दहा पांढरे, दहा काळे. दोरा हातभर. गाठ मारायची नाही, ती त्या स्वतः मारतात. आणि जिन्यात दिवा नाही, जपून."

कॉलेजचा पहिला तास केव्हाच सुरू झाला होता. मी गळ्यातला कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला, डबी मुठीत धरली, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीचा जिना चढायला लागले.